लक्स मीटर बिनकामाचं? जरा दमानं घ्या

लक्स मीटर म्हणजे उजेड किती पडतोय ते मोजायचं यंत्र. त्याबद्दल जळगाव-धुळ्याकडच्या मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर एक मजकूर सारखा फिरतोय: "लक्स मीटर माणसाच्या डोळ्यासाठी असतं, झाडांसाठी नाही. टँकमध्ये झाडं लावायची तर पार मीटरच घ्या. परवडत नसेल तर लिटरमागे एक वॅट धरा. लक्स मीटर पाण्यात जात नाही, आणि तेवढं काम मोबाइलचं ॲप फुकटात करतं."

पहिलं वाक्य खरं आहे, म्हणूनच बाकीचं लोकांच्या गळी उतरतं. लक्स आपल्या डोळ्याच्या कलानं चालतं. ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट उजेडाला पूर्ण मार्क. ४५०च्या निळ्याला आणि ६६०च्या लालला शंभरात दहासुद्धा नाहीत. पार मीटर, म्हणजे झाडांच्या कामाचा उजेड मोजणारं यंत्र, ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रत्येक फोटॉन (उजेडाचा कण) सारखा धरतं. पण लाइटचा रंग ठरलेला असला की दोन्हींचं गुणोत्तरही ठरलेलं. लक्सवरून पारचा आकडा काढायला उन्हात ५४नं भागतात, साध्या पांढऱ्या ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे लाइटच्या रंगाचं माप) एलईडीखाली ७०च्या आसपास. टँकच्या तळाशी ३,५०० लक्स आले तर साधारण ५० मायक्रोमोल (पार मीटर ज्यात आकडा देतं ते माप). दहा-वीस टक्के इकडेतिकडे होईल, होऊ द्या. अनुबियास, जावा फर्न या कमी उजेडाच्या पाणवनस्पती १५ ते ३० मायक्रोमोलमध्ये खूश असतात, लाल पानांच्या हट्टी वनस्पतींना शंभराच्या घरात लागतं. एवढ्या अंतरात ती चूक कुठल्या कुठे जाते.

जांभळट दिसणाऱ्या लाल-निळ्या ग्रो लाइटला मात्र हा भागाकार लावू नका. तिथे आकडा फारच कमी येतो, माणूस लाइट वाढवत बसतो आणि टँकभर शेवाळ होतं. तेवढ्यापुरता मजकूर बरोबर.

लिटरमागे वॅट हा हिशोब ट्यूबलाइटच्या जमान्यातला. वॅट म्हणजे खाल्लेली वीज, पडलेला उजेड नव्हे. आज एक एलईडी वॅटमागे ८० ल्युमेन (बाहेर पडणाऱ्या उजेडाचं माप) देतो, दुसरा दीडशे. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो, पाणी भराभर उडतं, वरून बोअरचं जड पाणी टाकलं जातं. झाकणाच्या काचेवर उडालेल्या थेंबांचा पांढरा क्षार धरतो. वॅट तेवढेच, खाली उजेड कमी. झाकण आहे तसं ठेवून एक रीडिंग घ्या, व्हिनेगरनं पुसून दुसरं घ्या. वॅटच्या हिशोबात हा फरक दिसायचाच नाही.

"पाण्यात जात नाही" हे अर्धवट. मीटर जात नाही, पण स्वस्तातल्या कित्येक मीटरांचा सेन्सर वेगळा, वायरवर असतो. तो पातळ पारदर्शक पिशवीत घालायचा, पांढरा घुमट वर, तोंडाला घट्ट रबर, आणि पिशवीचं तोंड पाण्याबाहेरच. आधी बाहेर एकाच जागी पिशवीसकट आणि पिशवीशिवाय रीडिंग घेऊन पिशवी किती खाते ते बघा. तळाशी सेन्सर सपाट हवा. तिरका झाला की आकडा बदलतो. फिल्टर बंद ठेवा, नाहीतर लाटांबरोबर आकडा नाचतो. मोजायचं रात्री, खिडकीचं ऊन नको. मध्यभाग आणि चारही कोपरे घ्या. पडद्यावर डावीकडे नुसता १ दिसला तर मीटर बिघडलेलं नाही, रेंज वाढवा.

राहिलं ॲप. अँड्रॉइड फोनमधला सेन्सर स्क्रीनचा उजेड कमीजास्त करण्यापुरता बसवलेला असतो. एकाच लाइटखाली दोन फोन दोन आकडे सांगतात. आणि भो, फोन पिशवीत घालून तळाशी सोडणार कोण? बाहेरून काचेला टेकवून घेतलेला आकडा तळाचा नसतो.