पाठवू की राहू दे?

बँकेच्या ॲपमध्ये रिवॉर्ड्स नावाचं एक पान असतं, क्रेडिट कार्डाने खर्च केला की मिळणारे पॉइंट्स तिथे जमतात. त्या पानावर खाली खाली जात राहिलं की हॉटेलांची नावं येतात आणि प्रत्येक नावापुढे 'ट्रान्सफर' असं एक गोंडस बटण असतं. ते दाबलं की एक चौकट उघडते आणि तिच्यात अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की एकदा पाठवलेले पॉइंट्स कोणत्याही कारणाने परत मिळणार नाहीत. 'कोणत्याही कारणाने' हे वाचून मी दर वेळी थबकते. ज्या अर्थी हे लिहायची वेळ आली त्या अर्थी आधी लोकांनी बरीच कारणं सांगून पाहिलेली असणार, रडून पाहिलेलं असणार, आणि त्यातलं एकही चाललेलं नसणार.

पॉइंट्स बँकेत असतात तोवर त्यांचा रुबाब काही वेगळाच असतो. उद्या मनात आलं तर विमानाच्या तिकिटात जातील, परवा वाटलं तर मॅरियटला, नाहीतर हयातला, नाहीतर ॲकोरला, अजून काहीच ठरलेलं नाही त्यामुळे सगळंच शक्य आहे. एकदा का ते हॉटेलच्या खात्यात पडले की संपलं, मग ते हॉटेल म्हणेल ती पूर्व दिशा. आणि हॉटेलं रोज वेगळीकडे पूर्व दाखवतात.

आमच्या घरात हे खातं माझ्याकडे आहे. नवऱ्याला यात काडीचा रस नाही, त्याचं म्हणणं एवढंच की पैसे भर, खोली घे आणि झोप. सासूबाईंना मात्र पहिल्यापासून कुतूहल. "अगं पण ते पॉइंट फुकटच आहेत ना, मग एवढा विचार कसला करतेस?" असं त्यांनी विचारलं आणि मी समजावून सांगायला बसले.

पहिला घोळ भावाचा. बँकेचा एक पॉइंट दिला की हॉटेलचे किती मिळणार हे प्रत्येक कार्डाचं वेगळं, प्रत्येक हॉटेलचं वेगळं, आणि कार्ड कंपनी तीच असली तरी देश बदलला की भाव बदलतो. अमेरिकेतल्या अमेरिकन एक्सप्रेसच्या एका पॉइंटचे हिल्टनमध्ये वर्षानुवर्षं दोन मिळत आलेत, तिथल्याच चेस बँकेतून हयातला एकास एक, आणि कॅपिटल वन बँकेतून ॲकोरला दोन द्या तेव्हा एक. हे ऐकल्यावर सासूबाई लगेच म्हणाल्या, "मग हिल्टनच! दुप्पट होतायत की." या नादाला नवीन लागलेला प्रत्येक माणूस हेच म्हणतो. आकडा फुगला की छाती पण फुगते. पण हिल्टनच्या एखाद्या बऱ्यापैकी हॉटेलात एका रात्रीला ८०,००० काय नि १,००,००० काय, पॉइंट्स मागताना कुणी लाजत नाही, आणि हयातच्या त्याच तोडीच्या हॉटेलात पंचवीस-तीस हजारांत काम होऊन जाऊ शकतं, म्हणजे दुप्पट होऊन गेलेले पॉइंट्स तिकडे दुपटीपेक्षा जास्त वेगाने संपतात. सासूबाई यावर थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आकडा बघायचाच नाही." अगदी बरोबर, फक्त हे कळायला मला त्यांच्यापेक्षा जास्त वेळ लागला होता, ते मी बोलले नाही.

त्यातल्या त्यात ॲकोरचं सरळ. २००० पॉइंट्स म्हणजे ४० युरो, बिलातून वजा, विषय संपला. शोधाशोध नाही, रात्री जागून तारखा चाळणं नाही. एवढं सरळ असल्यामुळेच या नादातले लोक त्याच्याकडे जरा नाक मुरडून बघतात, मीपण बघते, कारण जिथे हरायची भीती नाही तिथे जिंकल्याचा माजही करता येत नाही.

आता जिंकलो की हरलो हे ठरवायचा हिशोब तसा सोपा आहे. खोलीचा टॅक्ससकटचा रोख दर घ्यायचा, त्याला लागणाऱ्या पॉइंट्सनी भागायचं, म्हणजे एका पॉइंटमागे किती सुटले ते कळतं, आणि तेच पॉइंट्स बँकेच्या बिलात वळते करून जे मिळालं असतं त्यापेक्षा हे बरंच जास्त असेल तर पाठवायचे, नाहीतर रोख भरायचे. घोडं अडतं ते 'रोख दर' इथे. एकाच खोलीचे चार-चार दर, मेंबरांचा वेगळा, आधी पैसे भरून मोकळं झालं तर वेगळा, कॅन्सल करता येणारा वेगळा, ब्रेकफास्ट धरून आणखी वेगळा. मला पॉइंट्स वापरायचेच असतात तेव्हा मी यातला सगळ्यात महागडा दर धरते आणि मग एका पॉइंटची किंमत अशी काही येते की डोळे भरून यावेत. नवऱ्याने एकदा खांद्यावरून डोकावून विचारलं, "या दराने पैसे देऊन आपण इथे कधी राहिलो असतो का?" प्रश्न अगदी योग्य होता म्हणून मी त्याला दुसरं काम सांगितलं.

खरं म्हणजे या सगळ्या विषयात तेवढा एकच प्रश्न आहे. जी खोली आपण अर्ध्या दरातही घेतली नसती तिच्या पूर्ण दराने पॉइंट मोजायचा म्हणजे आपली पाठ आपणच थोपटून घ्यायची. शिवाय रोख भरून राहिलं तर त्या मुक्कामाचे नवे पॉइंट्स मिळाले असते, ते बुडतात, ते कुणी मोजत नाही. आणि ती रिसॉर्ट फी, म्हणजे खोलीच्या दरावर हॉटेल वेगळी लावतं ती रोजची फी! पूर्ण पॉइंट्सवर राहिलात तर हिल्टन आणि हयात ती घेत नाहीत, पण मॅरियटच्या ज्या हॉटेलांत ती आहे तिथे खोली पॉइंट्सवर घेऊनही ती रोख मोजावी लागते, म्हणजे 'फुकट' मुक्कामाचं बिल हातात घेऊन आपण काउंटरपाशी उभे.

पूर्वी म्हणे बरं होतं. अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये विमानवाल्यांचं हे माइल्स, म्हणजे विमानवाल्यांचे पॉइंट्स, प्रकरण सुरू केलं आणि १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियटने हॉटेलांचं काढलं, आणि पुढे बरीच वर्षं हॉटेलांचे चक्क तक्ते असायचे, अमुक दर्जाचं हॉटेल म्हणजे तमुक पॉइंट्स, बघा, साठवा आणि जा. हिल्टनने तक्ता २०१७ मध्ये काढून टाकला, मॅरियटने २०२२ मध्ये. तेव्हापासून तिथे दर मागणीप्रमाणे हलतो. सकाळी बघितलेली खोली दुपारी महाग, रात्री गायब, दुसऱ्या दिवशी परत हजर आणि तीही आधीपेक्षा स्वस्त. किती पॉइंट्स साठवायचे हेच माहीत नाही तर कधी पाठवायचे हे कसं ठरवणार? सासूबाईंनी यावर उपाय म्हणून वही केली. तारीख, हॉटेल, पॉइंट्स आणि शेरा असे चार रकाने. शेऱ्यात 'आज चढे', 'काल बरे होते', एके ठिकाणी नुसतंच 'नालायक'.

या सगळ्यात मधूनच बोनसची मेल येते. अमुक तारखेपर्यंत पॉइंट्स पाठवा आणि ३० टक्के जास्त मिळवा. मेल आली की घरात सणाचं वातावरण, निदान माझ्या डोक्यात तरी, आणि मग त्या तारखेपर्यंत रोज एक आठवण, शेवटच्या दिवशी दोन. आता शहाणपण असं सांगतं की खोली ठरलेली नसताना नुसत्या बोनससाठी पॉइंट्स पाठवू नयेत, कारण आज तुम्ही ३० टक्के जास्त घेऊन तिकडे गेलात आणि दोन महिन्यांनी त्यांनी दर वाढवले तर बोनस तिथेच जिरला, आणि परतीचा रस्ता तर नाहीच. शिवाय ज्या हॉटेलच्या पॉइंटला मुळातच किंमत कमी त्यालाच बोनस जास्त वेळा लागतो असं माझं निरीक्षण आहे, चांगल्या मालाला सेल लावायची गरज पडत नाही. हे सगळं मान्य. पण उलट बाजूही आहे ना, समोर हवी ती खोली हव्या त्या तारखेला दिसतेय आणि आपण बोनसची वाट बघत बसलोय, हाही गाढवपणाच. आमच्याकडे साधारण असं होतं की बोनस असतो तेव्हा खोली नसते, खोली असते तेव्हा बोनस नसतो आणि दोन्ही असतात तेव्हा नवऱ्याला रजा नसते.

रजेवरून आठवलं, पाचवी रात्र. मॅरियटमध्ये सलग पाच रात्री पॉइंट्सवर घेतल्या की त्यातल्या सगळ्यात स्वस्त रात्रीचे पॉइंट्स लागत नाहीत. हिल्टनमध्ये पण पाचवी रात्र फुकट आहे पण सिल्व्हर किंवा त्यावरच्या दर्जाचे मेंबर असाल तर. आयएचजी या हॉटेल कंपनीचं ठराविक क्रेडिट कार्ड असेल तर चौथीच फुकट. आमची गरज असते दोन-तीन रात्रींची. पण पाचव्या रात्रीचं एकदा कळल्यावर चार रात्री राहणं हा शुद्ध मूर्खपणा वाटायला लागतो आणि तीन रात्री म्हणजे तर सरळ नुकसान.

"पाचव्या दिवशी तिथे करायचं काय?" नवरा.

"राहायचं."

"आणि मुळात तिथे बघायला काय आहे?"

"पॉइंटला व्हॅल्यू चांगली आहे."

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर या नादातल्या प्रत्येक माणसाच्या घरात एकाकडे असते. पण मला सांगा, गावं काय, सगळीकडेच असतात, ऐन सीझनमध्ये रोख दर आभाळाला टेकलेला आणि पॉइंट्सचा दर मात्र कुणीतरी वाढवायचा विसरलेला असं हॉटेल रोज थोडंच सापडतं.

समजा सगळं ठरलं. तरी पॉइंट्स पोचायला वेळ लागतो तो वेगळाच. बँक आणि हॉटेलच्या काही जोड्यांमध्ये बटण दाबलं की पलीकडे हजर, काहींमध्ये दोन-चार दिवस, आणि ते दिवस म्हणजे पॉइंट्स इकडून गेलेत, तिकडे पोचले नाहीत, आणि स्क्रीनवर 'फक्त एक खोली शिल्लक'. त्यात बँकेतलं नाव आणि हॉटेलातलं नाव जुळायला हवं, एकीकडे मधलं नाव आहे आणि दुसरीकडे नाही एवढ्यावरून गाडी अडू शकते, त्यामुळे हे काम आधीच उरकून ठेवावं. मॅरियटमध्ये पुरेसे पॉइंट्स नसतानाही खोली आधी धरून ठेवायची सोय आहे, ती खरंच उपयोगाची आहे, फक्त खोली धरली म्हणजे दरही धरला असं नाही, पॉइंट्स भरेपर्यंत तो वर सरकू शकतो. सासूबाईंनी वहीत लिहिलं, 'धरून ठेवतात पण सोडतही नाहीत'.

आणि सगळ्यात सुंदर भाग कॅन्सलचा. पॉइंट्सवरची खोली बहुतेक वेळा मुदतीत कॅन्सल करता येते, पॉइंट्स परत मिळतात, सगळे मिळतात, पण कुठे? हॉटेलच्या खात्यात. बँकेत नाही. म्हणजे 'फ्री कॅन्सलेशन' वाचून जो निर्धास्त झाला त्याचे पॉइंट्स सुखरूप आहेत, फक्त आता त्याला त्याच हॉटेलात जायचं आहे, कधीतरी, कुठेतरी. तेही फार उशीर न करता. मॅरियट, हिल्टन आणि हयातमध्ये २४ महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर पॉइंट्स जातात, आयएचजीमध्ये साध्या मेंबरचे १२ महिन्यांतच. बँकेतून बहुतेक करून हजार-हजारच्या पटीत पाठवावे लागतात त्यामुळे खोली घेऊन झाल्यावर खात्यात सातशे-आठशे पॉइंट्स उरतातच. त्यांनी खोली मिळत नाही, खोलीचा दरवाजाही मिळणार नाही, पण ते मरू नयेत म्हणून मी जीव टाकते. त्या उरलेल्या पॉइंट्ससाठी पुढची ट्रिप आखणारे लोक आहेत आणि मला ते अजिबात वेडे वाटत नाहीत.

तर सध्या मी असं करते की आधी खोली शोधायची, तारखा पक्क्या करायच्या, पॉइंट्सवर मिळतेय हे डोळ्यांनी बघायचं, ती खोली रोख घेतली असती तर किती द्यायची तयारी होती तो आकडा खरा खरा कागदावर मांडायचा, मग लागतील तेवढेच पाठवायचे आणि पोचले रे पोचले की बुक. तोवर बँकेतच राहू देत. ऐकायला किती छान वाटतं.

परवा हे सगळं खरोखर जुळून आलं. खोली होती, रजा होती, नावं जुळलेली, भाव बरा, पॉइंट्स लगेच पोचणारे. मी आकडा टाकला, कन्फर्मवर जाणार एवढ्यात सासूबाई वही घेऊन धावत आल्या.

"थांब थांब. मागच्या महिन्यात हीच खोली ५,००० नी कमी होती, हे बघ. आणि चारच रात्री का घेतल्यास?"

मी वहीत बघितलं. खरंच कमी होती. शेऱ्यात लिहिलं होतं, 'परत येईल'.

"झालं का बुक?" आतून नवऱ्याने विचारलं.

"नाही!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.