गोळीबाराचे खेळ हातांचे आणि कोड्यांचे खेळ डोक्याचे? एका विभागणीचा प्रतिवाद

मे महिन्यातल्या दुपारी नागपुरात मुलांना घराबाहेर सोडता येत नाही. त्यामुळे सुट्ट्या लागल्या की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत व्हिडिओ गेमविषयी एक मजकूर फिरू लागतो. त्याचा आशय असा : गोळीबाराचे खेळ केवळ बोटांच्या चपळाईचे असतात, व्यूहरचनेचे आणि कोड्यांचे खेळ बुद्धीचे असतात, संगीताचे खेळ म्हणजे निव्वळ करमणूक असते, या प्रकारांत परस्परांशी काहीही समान नसते, आणि कुठे साम्य दिसलेच तर ती एका कंपनीने दुसरीची केलेली नक्कल असते, म्हणून मुलांना फक्त बुद्धीचे खेळ द्यावेत. हा सल्ला काळजीपोटी दिला जातो याविषयी मला शंका नाही, परंतु त्याचा पाया असलेली विभागणी चुकीची आहे आणि ती मुद्द्यामुद्द्याने तपासली पाहिजे.

गोळीबाराच्या खेळात विचार नसतो, हा त्यातील सर्वांत ठाम दावा आहे आणि तोच सर्वांत कच्चा आहे. धरमपेठ-सीताबर्डी भागातल्या सायबर कॅफेंत जी पिढी वाढली, तिने ‘काउंटर-स्ट्राइक’ आणि ‘एज ऑफ एम्पायर्स 2’ हे दोन्ही खेळ बहुधा एकाच संगणकावर खेळले आहेत. पहिला नेमबाजीचा, दुसरा साम्राज्य उभारणीचा. पण ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये सामना सुरू होताना खेळाडूच्या हाती फक्त 800 डॉलर असतात, फेरी हरली तरी थोडी भरपाई मिळते, आणि प्रत्येक फेरीच्या आरंभी संघाला ठरवावे लागते की आहे ते पैसे आत्ताच शस्त्रांवर उडवायचे, की ही फेरी पिस्तुलांवर काढून पुढच्या फेरीसाठी बचत करायची. या बचतीच्या फेरीला खेळाडू ‘इको’ म्हणतात. ‘एज ऑफ एम्पायर्स 2’मध्ये 500 अन्न साठवून दुसऱ्या युगात जायचे, की तेच अन्न गावकरी आणि सैनिक यांच्यावर खर्च करायचे, हा पेच नेमका त्याच घडणीचा आहे. दोन्हीकडे आज दुबळे राहण्याचा धोका पत्करून उद्याचे बळ विकत घेतले जाते, आणि दोन्हीकडे समोरचा आत्ता बचत करत असेल की हल्ल्याच्या तयारीत असेल, याचा अंदाज बांधावा लागतो. सगळे एकाच वेळी ‘इको’ न करणारा संघ, म्हणजे दोघांनी बंदुका घ्यायच्या आणि तिघांनी पैसे राखायचे असे वागणारा संघ, कितीही चांगले नेमबाज असले तरी बहुतेकदा मार खातो. हा हिशेब चुकल्याचा परिणाम असतो, बोटे मंद असल्याचा नव्हे.

याच मुद्द्याला धरून ‘सुपरहॉट’ हा 2016 चा खेळ पाहण्यासारखा आहे. तो सरळसरळ गोळीबाराचा आहे, मात्र खेळाडू हलतो तेव्हाच त्यातला काळ वेगाने पुढे सरकतो. थांबले की गोळ्या हवेत जवळजवळ स्थिर होतात. खेळाडू प्रत्यक्षात एकेक चाल विचारपूर्वक खेळत असतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकल्यापासून या खेळाचे कौतुक ज्या शहरात घरोघरी होते, तिथे हे साम्य लक्षात यायला कठीण जाऊ नये.

कोड्यांच्या खेळांत हाताला काम नसते, हा दुसरा दावा पडणारे ठोकळे रचण्याच्या ‘टेट्रिस’पाशीच संपतो. त्याच्या जुन्या निन्टेन्डो आवृत्तीत 29 व्या पातळीपासून ठोकळे इतक्या वेगाने पडतात की त्यापुढे खेळणे अशक्य आहे, असे अनेक वर्षे मानले जात होते. खेळाडूंनी बटणे दाबण्याच्या नव्या पद्धती शोधल्या, आणि डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेतील एका 13 वर्षांच्या मुलाने खेळ जिथे गोठतो, म्हणजे पुढे चालतच नाही, तिथपर्यंत मजल मारली. उलट दिशेने पाहिले तर ‘रेसिडेंट ईव्हिल 4’ या 2005 च्या भयखेळात बंदुका आणि औषधे चौकटींच्या पेटीत फिरवून, वळवून बसवावी लागतात. म्हणजे शत्रूंच्या हल्ल्यांच्या मधल्या वेळात खेळाडू ठोकळेच रचत असतो.

संगीताच्या खेळांविषयीचा दावा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तिथले साम्य वरवर पाहता मुळीच दिसत नाही. ‘सेकिरो’ हा 2019 चा तलवारबाजीचा खेळ अत्यंत कठीण म्हणून ओळखला जातो. त्यात शत्रूचा वार अंगावर येण्याच्या नेमक्या क्षणी बटण दाबून तो परतवायचा असतो. घाबरून बटण पुनःपुन्हा दाबत राहिले तर वार परतवण्याची मुदत आणखी आखूड होते. प्रत्येक मोठ्या शत्रूच्या वारांना स्वतःची लय असते आणि ती कानांनी, तलवारींच्या खणखणाटातून, पाठ होते. 1998 च्या ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’मध्ये बाणांवर ठेक्यात पाय टाकणारा खेळाडू याहून वेगळे काय करतो? फरक आहे तो असा की गाणे दर वेळी तेच राहते, तर शत्रू कोणती चाल कधी काढेल हे आधी कळत नाही. लय ओळखून योग्य क्षण पकडण्याचे काम मात्र एकच आहे.

राहिला नक्कलीचा आरोप. काही साम्ये निर्मात्यांनी जाणूनबुजून आणलेली असतात हे खरे आहे. 2015 च्या ‘क्रिप्ट ऑफ द नेक्रोडान्सर’मध्ये तळघरातली भटकंती आणि ठेका यांची जोड उघडपणे घातलेली आहे. परंतु वर सांगितलेल्या बहुतेक साम्यांना नक्कलीची गरज नाही. साधने अपुरी ठेवली की बचत आणि खर्च यांचा पेच उभा राहतोच, आणि कृतीसाठी क्षणभराचीच मुदत दिली की लय जन्माला येतेच. प्रकाराचे नाव पडद्यावर काय दिसते ते सांगते. खेळाडू कोणता निर्णय घेतो, हे त्या नावावरून कळत नाही.

साम्याचा अर्थ सर्व खेळ सारखेच, असाही घेऊ नये. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात 2003 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रीन आणि बाव्हेलिअर या संशोधकांच्या प्रयोगात एका गटाला दहा दिवस रोज तासभर गोळीबाराचा खेळ दिला गेला आणि दुसऱ्याला ‘टेट्रिस’. दृष्टीच्या अवधानाच्या चाचण्यांत अधिक सुधारणा पहिल्या गटाची झाली. त्या मजकुराच्या भाषेत सांगायचे तर ‘बोटांच्या’ खेळाने ‘डोक्याच्या’ खेळाला मागे टाकले. एवढ्यावरून लहान मुलांच्या हाती ‘काउंटर-स्ट्राइक’ द्यावा असे मी म्हणणार नाही. त्यातील हिंसा हे तो न देण्याचे पुरेसे आणि प्रामाणिक कारण आहे, आणि पालकांनी मुलांना तेच कारण सांगावे.