भंगारातील एक्स-रे यंत्राबाबत खुलासा

कुर्ल्याच्या भंगारबाजारात पडलेले जुने एक्स-रे यंत्र बंद असतानाही किरणोत्सर्ग सोडत राहते, असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत आहे. तो चुकीचा आहे. एक्स-रे नळीत किरणोत्सारी पदार्थ नसतोच. हजारो व्होल्टच्या दाबाने इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या लक्ष्यावर आदळतात तेवढाच वेळ क्ष-किरण निघतात आणि वीज तोडताच थांबतात. मजकुरात दाखल्यादाखल दिलेली २०१० सालची दिल्लीच्या मायापुरीतील दुर्घटना कोबाल्ट-६० या किरणोत्सारी पदार्थामुळे घडली होती, एक्स-रे यंत्रामुळे नव्हे.

म्हणून यंत्र घणाने फोडायला हरकत नाही, असे मात्र कोणी समजू नये. नळीच्या कवचाला आतून शिशाचा पत्रा असतो, त्यात तेल भरलेले असते (फार जुन्या ट्रान्सफॉर्मरमधले तेल पीसीबी या विषारी रसायनाने युक्तही असू शकते), आणि निर्वात काच फुटली की तिचे तुकडे उडतात. मॅमोग्राफीच्या (स्तनांच्या एक्स-रे तपासणीच्या) नळीची किरण बाहेर पडण्याची खिडकी बहुधा बेरिलियम धातूची असते; तिची धूळ फुफ्फुसांना घातक ठरते. हे सुटे भाग अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच सोपवावेत. त्याआधी यंत्र मोडीत काढत असल्याचे मालकाने अणुऊर्जा नियामक मंडळाला त्याच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीतून कळवणे आवश्यक आहे. मंडळाचे मुख्यालय अणुशक्तीनगरात, म्हणजे कुर्ल्यापासून फार लांबही नाही.