डावा कोपरा की कव्हर?

काल रात्री पार्क चौकातल्या कट्ट्यावर वाद पेटला तो आमच्या कबड्डी मंडळाच्या डाव्या कोपऱ्यावरून, म्हणजे बचावात डाव्या टोकाला उभ्या राहणाऱ्या पोरावरून. पोरगं 19 वर्षांचं, अंगानं सडपातळ. उपांत्य सामन्यात त्याच्याच पकडींवर आम्ही शेवटपर्यंत टिकलो आणि शेवटच्या मिनिटाला त्यानंच घातलेल्या एका झेपेनं हरलो. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून तर भांडण.

अण्णा स्वतः जुने कोपरारक्षक. त्यांनी एका वाक्यात निकाल लावला, कोपरा सोडून आतल्या बाजूच्या जागेवर, "त्याला कव्हरला घाला. कोपऱ्यात थंड डोक्याचा माणूस लागतो, ह्याला दम निघत नाही."

"काय बोलता ओ अण्णा," रिक्षावाला भाऊ उसळलाच. "असा घोटा धरणारा दुसरा कोण आहे आपल्याकडं?"

भाऊचं खरं आहे. बोनस गुण मिळवायचा तर चढाईपटूला एक पाय बोनस रेषेपलीकडं टाकून मागचा पाय हवेत ठेवावा लागतो. तेवढ्या क्षणापुरतं सगळं वजन एका पायावर असतं. आमचं पोरगं बरोबर तेव्हाच वाकतं, आधी नाही, नंतर नाही. एका हातानं दुसरं मनगट आवळून घोट्याभोवती कडं करतं आणि डोकं मांडीच्या बाहेर ठेवतं. ही वेळ साधणं शिकवून येत नाही. मी आमच्या मैदानावर पुष्कळ पोरं बघितली. ताकद कमावता येते, ही नजर नाही.

पण पुढं काय होतं तेही बघा. घोटा हातात आला की पोरगं पोटावर पडतं. मग जोर फक्त हातांचा उरतो. बोनस रेषेपासून मध्यरेषा पावणेपाच मीटरवर आहे, लांब वाटते. पण तगडा गडी पडलेल्या पोराला तेवढं ओढत नेतो. पाय धरल्याबरोबर उठून छाती मांडीला भिडवायची आणि मागं, अंतिम रेषेकडं रेटायचं. तिकडं अंतर पावणेदोन मीटरच. हे त्याला अजून जमत नाही, आणि हे मात्र शिकवता येतं.

अण्णांचा खरा राग त्या शेवटच्या झेपेवर. आम्ही एका गुणानं पुढं होतो, दोन चढाया रिकाम्या गेल्यावरची समोरच्याची तिसरी चढाई होती. गुण आणला नाही तर तोच बाद. अशा वेळी तीस सेकंद नुसतं उभं राहायचं असतं. गरज त्याला असते, आपल्याला नाही. पोरगं कोपरा सोडून मध्यरेषेच्या बाजूच्या 'निदान रेषे'पर्यंत पुढं धावलं. गड्यानं पाय मागं घेतला, पाठीवर हात टेकवला, उशिरा धावून आलेल्या कव्हरलाही उडवलं आणि दोन गुण घेऊन गेला.

"फझल अत्राचली बघ," अण्णा म्हणाले. "प्रो कबड्डीत सगळ्यात जास्त पकडगुण त्याचे. पाय येईपर्यंत जागचा हलत नाही."

"आणि शादलुई?" कॉलेजच्या पोरानं तोंड उघडलं. "तोही इराणचा, तोही डावा कोपरा, आणि पुढं घुसूनच पकडतो. आठव्या हंगामात पाटण्याकडून 89 पकडगुण घेतले तेव्हा अजून कोवळाच होता. पुण्यानं त्याला 2.35 कोटी मोजले, आणि त्याच हंगामात, 2024 ला, पुणे विजेतं झालं."

"त्याचं अंग बघ, ह्याचं बघ बे," अण्णा तडकले.

अंगापेक्षा मला दुसरी गोष्ट मोठी वाटते. त्या आठव्या हंगामात पाटण्याच्या शादलुईबरोबर बचावात नीरज कुमार, साजिन आणि सुनील होते. एकानं पाय धरला की बाकीचे अंगावर. आमच्याकडं काय? मी मोबाइलवरचं चित्रीकरण कट्ट्यावर सगळ्यांना दाखवलं. पोराच्या प्रत्येक पकडीत आमचा कव्हर दोन पावलं मागं आहे. शेजाऱ्याला धरून करायच्या साखळीचा हात सुटलेला. पकड जमली तर पोरानं एकट्यानं जमवली, फसली तर एकट्याची फसली. कुणी येणार नाही हे ज्याच्या अंगवळणी पडलंय, तो घाई करणारच. शेवटच्या झेपेची चूक त्याचीच, ती मी झाकत नाही. पण ती सवय आम्ही लावलीय.

आणि कव्हरला घालून मिळणार काय? तिथं धडक लागते, अंगावर घेऊन अडवणं लागतं. सडपातळ पोरगं तिथं रोज आपटणार, आणि त्याचा घोटा धरणारा हात वाया जाणार. कोपऱ्याची एवढी चांगली वेळ असलेलं पोर खांद्याच्या कामाला लावणं मला अजिबात पटत नाही.

अण्णांनी चित्रीकरण पुन्हा लावायला सांगितलं. चहा आला तरी मान वर केली नाही. "कव्हर झोपलाय हे खरं," शेवटी म्हणाले. "पण तिसऱ्या चढाईला पोरगं हललं तर मी बाहेर बसवणार, आधीच सांगतो."

"बसवा," भाऊ म्हणाला, "पण कोपऱ्यातूनच."

"उद्या सकाळी सहाला दोघांना घेऊन ये. कव्हरला आधी."