गागारिनला शाप लागला नव्हता, मामा

आमचे मामा निवृत्त झाल्यापासून सोसायटीच्या फळ्यावर रोज सुविचार लिहितात. अक्षर मोत्यासारखं, रंगीत खडू, खाली वेलबुट्टी. परवा सकाळी दूध आणायला उतरले तर फळ्यावर हे: "'वर गेलो, पण देव कुठे दिसला नाही' – युरी गागारिन, 1961. सातच वर्षांत विमान कोसळून मृत्यू." त्याखाली लाल खडूने "विचार करा!"

केला विचार. गागारिन म्हणजे अंतराळात गेलेला पहिला माणूस, सोव्हिएत वैमानिक. तडक मामांच्या घरी गेले. त्यांनी फोन पुढे केला. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन बाणांचं शेपूट लावून फिरणारा तो मजकूर तुमच्याकडेही आला असेल: 'गागारिनचं काळं सत्य'. मुद्दे पाच. एक, अंतराळात गेलेला पहिला माणूस गागारिन नव्हताच, इल्यूशिन नावाचा वैमानिक आधी जाऊन आला होता. दोन, गागारिनने पृथ्वीची पूर्ण फेरी मारलीच नाही. तीन, तो नुसता बटाट्याचं पोतं होता, यान आपोआप चालत होतं. चार, तो यानात बसून जमिनीवर उतरलाच नाही, रशियाने जगाला फसवलं. पाच, त्याने देवाची चेष्टा केली आणि देवाने त्याला 1968 मध्ये शिक्षा दिली.

पाचव्यापासून सुरू करते, कारण फळ्यावर तोच चढला आणि माझं डोकं त्यानेच फिरलं.

12 एप्रिल 1961 च्या त्या उड्डाणातलं रेडिओवरचं बोलणं छापलेलं आहे. शिवाय दुसऱ्याच दिवशी गागारिनने सरकारी आयोगापुढे सविस्तर तोंडी अहवाल दिला. तो वर्षानुवर्षं गुप्त होता आणि 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काळंभोर आकाश आहे, क्षितिजाच्या कडेची निळी झालर आहे, हातातून सुटून तरंगत कुठेतरी गडप झालेली पेन्सिल आहे, त्यामुळे अडलेलं टिपण आहे. देव नाही आणि देवाची चेष्टाही नाही. फळ्यावरचं ते वाक्य सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने धर्मविरोधी प्रचारात गागारिनच्या नावावर खपवलं, असं गागारिनचे मित्र कर्नल वालेन्तिन पेत्रोव यांनी 2006 मध्ये सांगितलं.

त्या थाटाचं खरंच बोलला तो दुसरा सोव्हिएत अंतराळवीर, गेर्मान तितोव. 1962 मध्ये, अमेरिकेत सिएटलच्या जागतिक प्रदर्शनात. तो कधी वारला? 2000 साली, 65 व्या वर्षी. म्हणजे जो बोलला तो म्हातारा झाला आणि जो बोललाच नाही त्याला शिक्षा? देवाचा नेम इतका चुकतो का हो मामा? आणि 27 मार्च 1968 ला त्या कोसळलेल्या मिग-15 विमानात गागारिनच्या सोबत व्लादिमीर सेर्योगिन होते, दुसऱ्या महायुद्धात लढलेले वैमानिक. तेही गेले. त्यांनी कोणाची चेष्टा केली होती?

हे मी एवढं का धरून बसले? आमच्याच इमारतीतला एक तरुण मुलगा दोन वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्याची आई रोज त्या फळ्यासमोरून भाजी आणायला जाते. अपघातात गेलेल्या माणसाच्या माथी पाप शोधायचं आणि ते वेलबुट्टी काढून मांडायचं, याला सुविचार म्हणतात का? हे ऐकल्यावर मामा गप्प झाले. मामी मात्र आतून म्हणाल्या, "मी तेव्हाच म्हटलं होतं."

इल्यूशिनचं थोडक्यात आटपते. व्लादिमीर इल्यूशिन खराखुरा माणूस, विमानांचे आराखडे करणाऱ्या सेर्गेई इल्यूशिन यांचा मुलगा आणि नावाजलेला चाचणी वैमानिक. 1960 मध्ये त्याला मोटार अपघात झाला आणि उपचारासाठी तो चीनला गेला. एवढ्यावर अफवा उभी राहिली. बरं, त्या काळात अमेरिका कान लावून बसलेली होती. गागारिन वर असतानाच त्याच्या यानातून येणारं दूरचित्रवाणीचं चित्र अलास्कातल्या अमेरिकी केंद्राने टिपलं होतं. इल्यूशिनचं असं काही मिळालं असतं तर शीतयुद्धात ते त्यांनी लपवून ठेवलं असतं?

फेरीचा मुद्दा मात्र गंमतशीर आहे, कारण नकाशा पाहून तो खरा वाटतो. यान कझाकस्तानातल्या बायकोनूर तळावरून, साधारण 63 पूर्व रेखांशावरून, मॉस्कोच्या वेळेने सकाळी 9:07 ला उडालं. गागारिन उतरला रशियातल्या साराटोवजवळ, 46 च्या आसपास. म्हणजे पूर्वेकडे जात जात निघाल्या जागेच्या 17 अंश अलीकडेच थांबला. फेरी अपुरी! पण अहो, उड्डाणाच्या त्या 108 मिनिटांत खालची पृथ्वी स्वस्थ बसली होती का? मिनिटाला पाव अंश या वेगाने ती 27 अंश फिरली. 360 मधून 17 गेले, उरले 343; त्यात 27 मिळवा, झाले 370, म्हणजे पूर्ण फेरीहून जास्तच. बायकोनूर स्वतःच पुढे सरकलं, त्याला गागारिन काय करणार?

आता पोतं. इथे अर्धं मान्य करते, नाइलाजाने. यान आपोआपच चाललं होतं. वजनरहित अवस्थेत माणसाचं डोकं ठिकाणावर राहील की नाही, याची डॉक्टरांना खात्री नव्हती, म्हणून हाताने चालवायच्या यंत्रणेला आकड्यांचं कुलूप होतं. आकडा 125, बंद लिफाफ्यात. (तो आकडा तिथल्याच लोकांनी उड्डाणाआधीच त्याला हळूच सांगून टाकला होता. आपल्याकडच्या कपाटाच्या किल्लीसारखंच, गुपित सगळ्या घराला ठाऊक.) त्याने ते कुलूप उघडलं नाही, तशी वेळच आली नाही.

पण पोत्याला घाम फुटत नाही. 10:25 च्या सुमारास वेग कमी करणारं इंजिन पेटलं आणि बंद झालं. त्यानंतर दहा-बारा सेकंदांत मागचा यंत्रांचा भाग सुटून माणसाचा गोल वेगळा व्हायचा होता. तो सुटेना. जोडगोळी गरागरा फिरायला लागली, सेकंदाला तीस अंश. अहवालात गागारिन त्याला बॅलेचा नाच म्हणतो: डोकं, पाय, डोकं, पाय. खिडकीतून आफ्रिका, मग क्षितिज, मग काळं आकाश, आणि सूर्य डोळ्यांवर येऊ नये म्हणून पायाची आड. हे चाललं जवळजवळ दहा मिनिटं.

त्या दहा मिनिटांत त्याने काय केलं? हिशेब. सोव्हिएत हद्दीपर्यंत सहा हजार किलोमीटर, पुढे देशाची लांबी आठेक हजार, म्हणजे फार तर अतिपूर्वेत कुठेतरी उतरेन, उगाच आरडाओरडा नको. आणि 'सगळं ठीक' असा संकेत त्याने पाठवला. मग भाग सुटले. बाहेर लालभडक उजेड, यानाची तडतड, आणि अंगावरचा दाब स्वतःच्या वजनाच्या दहापटीच्या वर गेल्यावर दोन-तीन सेकंद डोळ्यांपुढे करडं. घरी धाकटी मुलगी जेमतेम महिन्याची होती. आम्हाला लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली तर वॉचमनच्या नावाने शंख करतो आपण.

उरला चौथा, आणि तो मात्र खरा आहे. यानाचा गोल जमिनीवर इतक्या जोरात आदळायचा की आत माणूस बसवणं धोक्याचं होतं. म्हणून सात किलोमीटर उंचीवर झाकण उडालं, खुर्चीसकट गागारिन बाहेर फेकला गेला आणि पॅराशूटने वेगळा उतरला. पण त्या वेळच्या आंतरराष्ट्रीय विक्रमांच्या नियमात वैमानिकाने यानात बसूनच उतरलं पाहिजे असं होतं, म्हणून सोव्हिएत अधिकाऱ्यांनी तो आतच होता असं ठोकून दिलं. कबुली दिली 1971 मध्ये. खोटं ते खोटं. फसवणूक उतरण्याच्या कागदपत्रात होती, उड्डाणात नव्हती. खुद्द गागारिनने तर आयोगाला दुसऱ्याच दिवशी खरं सांगितलं होतं.

उतरताना हवेची झडप पोशाखाच्या घडीत अडकली आणि ती मोकळी करायला त्याला सहा मिनिटं झटावं लागलं. खाली स्मेलोव्का गावाजवळ एक आजी आणि तिची नात शेतात होत्या. नारिंगी पोशाख, पांढरं शिरस्त्राण, आभाळातून उतरलेला माणूस. त्या घाबरून मागे सरल्या. तो ओरडला, मी आपलाच आहे, सोव्हिएत! त्या बटाटे लावत होत्या. पोतं म्हणणाऱ्यांनी हे तरी वाचायचं.

हे सगळं सांगून झाल्यावर मामा म्हणाले, "पण ते खोटं बोललेच ना?" बोलले, म्हटलं, चौथा मुद्दा तुमचा. मग ते उठले, ओलं फडकं घेतलं आणि खाली जाऊन फळा पुसून आले. त्या जागी आता 'उद्या टाकी धुणार, पाणी भरून ठेवा' असं आहे, वेलबुट्टीसकट. पण तो मजकूर त्यांनी आदल्या रात्री चार ग्रुपवर पाठवला होता, आणि तिथला तो तसाच राहिला. म्हणून हे लिहिलंय. मामा, आता हे त्याच चार ग्रुपवर टाका. मामींच्या भिशीच्या ग्रुपवरही.