फ्रेंच ‘वू’ म्हणजे आपलं ‘तुम्ही’ नव्हे

फ्रेंच शिकणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: “त्यू म्हणजे तू, वू म्हणजे तुम्ही. मराठीत ज्याला जे म्हणता, तेच फ्रेंचमध्ये म्हणा.” पहिलं वाक्य ठीक आहे. दुसरं चुकीचं आहे आणि नवशिक्यांची त्यामुळे पंचाईत होते.

आपण वयाला आणि नात्याला मान देतो. आईला तू, पण बाबांना, आजोबांना, सासऱ्यांना बऱ्याच घरांत अहो-जाहोच. फ्रान्समध्ये ओळख किती जवळची, हे आधी पाहतात. त्यामुळे नातू आजोबांना सहसा ‘त्यू’च म्हणतो, त्यात उद्धटपणा नाही, उलट ‘वू’ म्हटलं तर परकं वाटेल. याउलट पावाच्या दुकानातली विशीतली मुलगी अनोळखी, म्हणून तिला ‘वू’. तिथे आत शिरताच आधी ‘बाँझूर’ (नमस्कार) म्हणायचं, मगच पाव मागायचा. ही पायरी गाळू नका, ती गाळलेली तिथे लोक फार मनाला लावून घेतात. ‘सालू’ (आपलं ‘हाय’) मात्र मित्रांसाठी ठेवा. आणि हो, ‘बाँझूर’ फक्त सकाळचं नाही; संध्याकाळी ‘बाँस्वार’ सुरू होईपर्यंत चालतं.

क्रियापदाची तुलना मात्र खरंच उपयोगी आहे. समोर एकच माणूस असला तरी ‘तुम्ही आहात’ असं अनेकवचन आपण वापरतो, तसंच ‘वू’चं: ‘त्यू ए’ (तू आहेस), पण ‘वूझेत’ (तुम्ही आहात). एरवी मुका असणारा ‘वू’मधला (vous) शेवटचा ‘एस’ इथे ‘झ’ होऊन ऐकू येतो.

संभ्रम असेल तर प्रौढ अनोळखी माणसाशी ‘वू’ने सुरुवात करा. ‘त्यू’वर यायचं का, ते समोरचा स्वतःच सुचवतो.