तीन हवीत म्हणता, आधी पहिल्याची सोय बघा

डिसेंबर २०२४ मध्ये मोहन भागवत नागपुरात म्हणाले की जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) २.१ च्या खाली जाऊ नये, म्हणजे दोनपेक्षा जास्त, तीन मुलं हवीत. तेव्हापासून आमच्या नात्यात हा विषय मिटलेला नाही. आजकालच्या पोरींना संसार नको, परदेश हवा, हे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ऐकू येतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला महाराष्ट्राच्या जननदराचा १.७ हा आकडा माझ्या मामांना तोंडपाठ आहे. आणि मला दिवस गेल्याचं आम्ही कळवलं तेव्हा याच मंडळींचा पहिला प्रश्न होता, "अगं, पण शिक्षण कुठे संपलंय अजून?"

एकाच तोंडाने ही दोन्ही वाक्यं कशी निघतात? याचा मला राग आला आणि तो अजून उतरलेला नाही.

मी जर्मनीत ग्योटिंगेनला मास्टर्स करते. नवरा पीएचडी करतो, त्याला ६५ टक्क्यांची, म्हणजे अर्धवेळेहून थोडी जास्त आणि तेवढ्याच पगाराची जागा आहे. मी विद्यापीठात थोडे तास हिवी, म्हणजे विद्यार्थी-सहायक म्हणून काम करते. प्रुफुंग्सआम्टमध्ये, म्हणजे परीक्षा कार्यालयात, मुटरपास (गरोदरपणाच्या नोंदींची वही) दाखवला तेव्हा तिथल्या बाईंनी अभिनंदन केलं आणि फॉर्म पुढे केला. घाई का केली, असं त्या चेहऱ्यावर कुठेही नव्हतं. २०१८ पासून इथला मातृत्व संरक्षण कायदा विद्यार्थिनींनाही लागू आहे. बाळंतपणाआधीचे ६ आणि नंतरचे ८ आठवडे मला परीक्षेला बस असं कुणी म्हणू शकत नाही. मला बसायचंच असेल तर तसं लिहून देऊन बसता येतं, आणि दिलेलं मागेही घेता येतं.

पुण्यातली माझी एक मैत्रीण एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना गरोदर राहिली. ७५ टक्के हजेरी भरली नाही आणि तिचं वर्ष गेलं. पुढे ती परत कॉलेजात गेलीच नाही. यूजीसीने पीएचडी करणाऱ्या बाईला २४० दिवसांची रजा दिली आहे, ते चांगलंच झालं. पण बीए, एमएस्सीच्या मुलींसाठी डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना फक्त कळवलं, की तुम्ही आपापले नियम करा. म्हणजे कुणी करेल, कुणी करणार नाही.

मामा लगेच २६ आठवड्यांचं सांगतात. २०१७ पासून आपल्याकडे २६ आठवडे, तुझ्या जर्मनीत १४. खरं आहे. पण त्या २६ आठवड्यांसाठी आधी नोकरी लागते, आणि ईएसआयचा (सरकारी कामगार विमा) आधार नसेल तर तो सगळा पगार एकट्या मालकाच्या खिशातून जातो. मग मुलाखतीत "लग्न झालंय का, पुढचा काय विचार?" हे विचारलं जाणारच. इथे सगळ्या मालकांकडून वर्गणी गोळा होते आणि रजेवरच्या बाईसाठी मालकाने घातलेले पैसे क्रांकेनकासे, म्हणजे आरोग्य विमा संस्था, त्याला परत देते. त्यामुळे बाई गरोदर राहिली तर तो खड्डा एकट्या मालकाला पडत नाही. मला एल्टर्नगेल्ड, म्हणजे आईबापांना मिळणारा सरकारी भत्ता, मिळेल, महिन्याला कमीत कमी ३०० युरो. तेही हिवीचं काम आहे म्हणून. माझ्या व्हिसावर नुसती शिकत असते तर मिळालं नसतं.

"आपल्याकडे सरकार लागतं कशाला, माणसं आहेत की," हे मामांचं शेवटचं वाक्य. इथे माझा आवाज खाली येतो.

पहिलं बाळंतपण माहेरी. कराडला आईने खोली रिकामी केली होती, शेकशेगडी काढून ठेवली होती, मालिशवालीशी बोलून झालं होतं. अळीव, डिंक, बाळंतशेपा, सगळं आणून ठेवलेलं. इथे हेबामे, म्हणजे सुईण, घरी येईल, टाके बघेल, बाळाचं वजन करेल, मला एक पैसा पडणार नाही. पण वोखेनबेटमध्ये, म्हणजे बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत, स्वयंपाक कोण करणार, असं तिने विचारलं तेव्हा मी "नवरा" म्हणाले आणि विषय बदलला. तो करेल, मला शंका नाही. एल्टर्नत्साइटचा, म्हणजे पालकांच्या रजेचा, अर्ज त्याने दिलाय. माझ्या बाबांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते बारशाला. हा पहिल्या तासापासून जवळ असेल. हे मी आईलाही ऐकवलं. ती "बरं" म्हणाली.

तिला यायचंय. आमच्या दोघांच्या कमाईवर तिच्या खर्चाचं हमीपत्र मिळत नाही, म्हणून बाबांच्या पेन्शनचे कागद, बँकेचे उतारे, ३०,००० युरोंचा विमा, सगळं जोडून मुंबईत व्हिसाचा अर्ज करायचा. मिळालाच तर जास्तीत जास्त ९० दिवस. जो देश माझ्या परीक्षेची एवढी काळजी घेतो, तो माझ्या आईकडे ती परत जाईल का, या एकाच नजरेने बघतो. हे मी मामांना सांगितलेलं नाही, त्यांच्या हातात कोलीत द्यायचं नाही म्हणून. पण खरं ते खरं.

आम्हा दोघांनाही इथे ५ वर्षं झालेली नाहीत, त्यामुळे बाळ जर्मन नागरिक होणार नाही. हॅम्बर्गच्या भारतीय वाणिज्य दूतावासात वर्षाच्या आत त्याची नोंद करायची, ६ महिन्यांच्या आत इथल्या परवान्यासाठी अर्ज करायचा. ज्या १.७ वर घरी एवढी भांडणं होतात, त्यातही ते धरलं जाणार नाही. त्याचा जन्म जर्मनीच्या आकड्यात जाईल. हे मला लागतं. मी रात्री जागून ज्या वादात उत्तरं शोधते तो वाद माझ्या घरचा आहे, ग्योटिंगेनचा नाही.

मला पीएचडी पुण्यात करायची आहे. तिकडच्या संस्थांना मी आत्ताच लिहायला लागले आहे. ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं, असं २०१७ पासून कायदाच सांगतो. एका ठिकाणचं उत्तर आलं. पाळणाघर आहे, पण ते कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी. विद्यार्थिनींच्या मुलांना घेता येत नाही. मी परत लिहिलंय, की हा नियम कुणाकडे बदलायचा ते कळवा.